देवगाव रंगारीच्या पांढऱ्या गाडीचे निदान

गाडी पिकअप घेत नाही, अशी तक्रार घेऊन आलेला माणूस बहुधा अपमानाची हकिकत सांगत येतो. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला, रिक्षावाला वळून हसला, मेहुण्याची गाडी तेवढ्याच वयाची असून पुढे निघून गेली. गॅरेजमध्ये मी हे चाळीस वर्षे ऐकले. कोणी 'गाडी उठत नाही' म्हणे, कोणी 'ओढत नाही', आमच्या भागातले शेतकरी 'दम लागतोय तिला' म्हणत. आजार एकच, कारणे मात्र दहा असू शकतात.

वाचकांपैकी अनेकांनी बॉनेट उघडून पाहिले नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. इंजिनाला हवा लागते, पेट्रोल लागते आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. या तिन्हींतून निर्माण झालेली ताकद चाकापर्यंत पोचावी लागते. क्लच घसरत असेल तर ती वाटेत सांडते. ब्रेक चिकटला असेल तर चाकापाशी अडते. पूर्वीच्या छोट्या गाड्यांत संगणक नव्हता. कार्ब्युरेटर होता, तारेची एक केबल होती आणि पायाखाली रेस, म्हणजे ॲक्सिलरेटरचे पॅडल, होती. रेस दाबली की केबल ओढली जाई, कार्ब्युरेटरचे दार उघडे आणि इंजिन हवा घेई. सारे उघड्यावर होते. ज्याला डोळे आणि धीर होता त्याला दोष सापडत असे.

मला दोन्ही आहेत, असा माझा समज होता.

माझे गॅरेज मोंढा नाक्याच्या मागच्या गल्लीत होते. हे काम मला हमीदमियाँ नावाच्या उस्तादांनी शिकवले. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीपासून ते लॉऱ्या दुरुस्त करत. त्यांचे नियम थोडे होते, पण त्यांत सूट नव्हती. गिऱ्हाइकाच्या गाडीत बसण्यापूर्वी पायाखालचे अंथरूण काढायचे, घडी करून मागच्या सीटवर ठेवायचे आणि जागेवर जुने वर्तमानपत्र पसरायचे. ते म्हणत, "किसी के घर कू गए तो चप्पल उतारते नै? वैसाच ये बी." दुसरा नियम असा की ट्रायल मिस्त्रीनेच घ्यायची. मालक चक्रावर, म्हणजे स्टिअरिंगवर, बसला की एकतर घाबरतो नाहीतर दिमाख दाखवतो, आणि दोन्ही वेळी गाडीचे खरे दुखणे कळत नाही. उस्ताद गेल्यावरही मी हे नियम मोडले नाहीत. आमच्या गॅरेजमधून गाडी घरी नेताना कोणाला आत तेलाचा डाग सापडला नाही, याचा मला अभिमान होता. तो आजही आहे, म्हणूनच पुढचे लिहिणे अवघड जाते.

पिकअपच्या दुखण्यात माझे नाव झाले ते वैजापूरच्या एका कांद्याच्या आडत्यामुळे. त्यांच्या गाडीचे इंजिन खोलावे लागेल, असे दोन ठिकाणी सांगितले गेले होते. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी प्रथम हवेची पेटी उघडली. आत कांद्याची टरफले गच्च भरलेली, मधोमध उंदराचे बिऱ्हाड. गाडी आडतीत पोत्यांच्या थप्पीशेजारी उभी असे. मी टरफले बाहेर काढून आडत्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी एक टरफल उचलून पाहिले. मग म्हणाले, "कांदा आमचा, उंदीर आमचा. मंग त्या इंजनाला कशाला बोल लावायचा?" त्यांनी ही गोष्ट वैजापूरच्या मार्केट यार्डात इतक्यांना सांगितली, की तिकडून गाड्या येऊ लागल्या. इंजिन न खोलता दोष सांगणारा मिस्त्री, अशी माझी ओळख झाली. ती मी मनावर घेतली.

रखमाजीराव माझ्याकडे आले ते या आडत्यांच्या सांगण्यावरून. होळी होऊन गेली होती. ते देवगाव रंगारीचे. घरी पिढ्यान्‌पिढ्यांची मेंढरे. पण स्वतः ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. सत्तरीला आलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. गाडी आठशे सीसीची, पांढरी, पंधरा-सोळा वर्षांची आणि घासूनपुसून ठेवलेली. गाडी चालवताना ते चपला काढून सीटखाली ठेवत. रेस तळव्याला समजली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या गाडीचा पत्रा पातळ, पुढे इंजिन. उन्हाळ्यात पायाला चटका बसे. म्हणून त्यांनी घरच्या लोकरीची जाड घोंगडी दुहेरी घडी करून खाली अंथरली होती.

त्यांनी तक्रार सांगितली तितकी नेमकी त्याआधी किंवा नंतर मला कोणी सांगितली नाही.

"साठच्या पुढं जात न्हाय. रिकामी असू द्या न्हायतर भरलेली, तेवढीच. चढाला दुसऱ्यावर आणावी लागती. पर खोकत न्हाय, झटके न्हाईत. आवाज एकदम साफ हाय. उन्हाळा लागल्यापासून असं चाललंय."

हे त्यांचे शब्द. जनावराला बोलता येत नाही, त्यामुळे त्यांना लक्षणे नीट पाहायची सवय होती. मी ते ऐकले आणि मान हलवली. आज कोणी माझ्यापुढे हेच बोलला तर मी जागेवरून न उठता सांगेन. आवाज साफ आहे आणि ताकद कमी आहे, तर इंजिन आजारी नाही. त्याच्याकडे कोणी पुरते मागतच नाही. म्हणजे रेस तळापर्यंत जात नाही. पण त्या दिवशी मी कान दिला तो माझ्या नावलौकिकाला.

गाडी सोडून जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती काम लवकर व्हावे म्हणून. त्यांची धाकटी लेक वैजापूरला दिलेली होती. दीड वर्षापूर्वी पाठीच्या दुखण्याने तिने अंथरूण धरले. प्रवास तिला झेपणारा नव्हता, म्हणून माहेरी आणणे शक्य नव्हते. रखमाजीराव दर गुरुवारी तिच्याकडे जात, तासभर बसत आणि परतत. त्यांच्या घराण्यात बाप लेकीच्या सासरी मुक्काम करत नाही. एसटीने गेले तर दोन गाड्या बदलाव्या लागत आणि परतीची वेळ जुळत नसे. ते म्हणाले, "गाडी हाय म्हणून जाणं हाय. गुरुवारच्या आत करा." मी करतो म्हणालो.

दोन दिवस मी ती गाडी तपासली. हवेचा फिल्टर, पेट्रोलचा फिल्टर, प्लग, टायमिंग पाहिले. कार्ब्युरेटर उतरवून साफ केला. चाके उचलून हाताने फिरवली; ब्रेक कुठे चिकटत नव्हता. क्लच घसरत नव्हता. कॉम्प्रेशन त्या वयाच्या इंजिनाला शोभेल असे होते. रेसची केबलही पाहिली. पॅडल तळापर्यंत दाबले की कार्ब्युरेटरचे दार पूर्ण उघडत होते. हे सारे करताना घोंगडी अर्थात मागच्या सीटवर होती, नीट घडी करून. ती मीच ठेवली होती. मोंढा नाक्यावरून आकाशवाणी केंद्रापर्यंत आणि परत अशी चार वेळा ट्रायल घेतली. माझ्या हातात गाडी तरण्या घोड्यासारखी पळाली.

बुधवारी दुपारी रखमाजीराव मुलासह आले. मुलगा दत्ता शेंद्र्याला एका कंपनीत होता. बापाने या वयात एवढ्या लांब गाडी चालवू नये, असे त्याला वाटे. हे त्याने मला बाजूला घेऊन आधीच सांगितले होते. त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

मी त्या दोघांना मागे बसवून एक फेरी मारून दाखवली. परतल्यावर रखमाजीरावांनी विचारले, "मंग माझ्या हातात का उठत न्हाय?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'मला माहीत नाही' असे होते. ते मला देता आले नाही. इंजिन न खोलता दोष सांगणाऱ्या माणसाकडे उत्तर असायलाच हवे होते.

"रखमाजीराव, गाडीत दोष नाही," मी म्हणालो. "या वयात पायातला जोर कमी होतो. आपल्याला वाटतं आपण दाबतोय, पण तेवढा दाब पडत नाही."

"ऐका आबा," दत्ता म्हणाला. "मी म्हणलो की तुमाला राग येतो. आता मिस्त्री काय म्हणाले?"

रखमाजीरावांनी खाली, स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिले. मी चावी पुढे केली, ती दत्ताने घेतली. जाताना तो चालवायला बसला आणि म्हातारे मागच्या सीटवर, घोंगडीशेजारी बसले.

महिन्याभरात दत्ताने गाडी विकल्याचे कानावर आले. मला त्याचे काही वाटले नाही. उलट, एक अपघात टळला असे मी दोघा-तिघांना सांगितलेही.

मे महिन्याच्या अखेरीस तीच गाडी पुन्हा माझ्या दारात आली. ती सिडकोतल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी घेतली होती. बाई तिशीच्या. तक्रार तीच: उठत नाही, साठच्या पुढे जात नाही, आवाज मात्र साफ आहे. मी गाडी ठेवून घेतली, अंथरूण काढले, ट्रायल घेतली. गाडी उत्तम पळाली. बाई आल्यावर मी सांगितले, की दोष नाही. हात बसेपर्यंत नव्या माणसाला असे वाटते, असेही वर सांगितले.

बाईंनी पर्स खांद्यावरून काढून बॉनेटवर ठेवली. "मिस्त्री, तुमच्या हातात धावते, ते मी पाहिलं. माझ्या हातात धावत नाही, ते तुम्ही कुठं पाहिलंय? बसा शेजारी, मी चालवते."

आमच्याकडे तशी पद्धत नाही, असे मी म्हणालो.

"मग आज पाडा. तुमची पद्धत मोडली म्हणून गाडी रुसत असेल तर तेही बघू."

गॅरेजमधले लोक हसले. मी रागाने डाव्या बाजूला जाऊन बसलो. बाईंनी माझे वर्तमानपत्र चुरगाळून बाहेर टाकले, मागच्या सीटवरून घोंगडी ओढली आणि दुहेरी घडीनेच पायाखाली अंथरली. आधीच्या मालकांनी ठेवलेली होती, खाली फार तापते म्हणून तीच वापरते, असे त्यांनी गाडी सुरू करता करता सांगितले.

मोंढा नाका ओलांडला. आकाशवाणीच्या दिशेने रस्ता मोकळा मिळाला. बाईंनी रेस दाबली आणि मी प्रथमच रस्त्याकडे न पाहता चालवणाऱ्याच्या पायाकडे पाहिले. पॅडल खाली गेले, लोकरीच्या घडीवर टेकले आणि थांबले. तळ अजून दोन बोटे दूर होता. गाडी साफ आवाजात, निमूटपणे, साठवर चालत राहिली.

मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. घोंगडी काढली. "आता दाबा," म्हणालो. गाडी उठली. बाईंना आनंद झाला. आनंदाच्या भरात त्या म्हणाल्या, "म्हणजे आधीच्या मालकांनाही हाच त्रास झाला असेल, नाही का?"

"असेल," मी म्हणालो.

घोंगडी एकेरी करून पॅडलच्या अलीकडे कापायला मी त्यांना सांगितले. त्या गेल्यावर थोडा वेळ आत जाऊन बसलो. गाडी ज्या स्थितीत माणूस चालवतो, त्या स्थितीत मी ती एकदाही तपासली नव्हती. तक्रार करणाऱ्याला चक्रावर बसू दिले नव्हते. ज्या वस्तूत दोष होता, ती मी स्वच्छतेच्या नावाखाली दोन्ही वेळा स्वतःच्या हाताने बाजूला केली होती. आणि एका माणसाचा धड पाय मी त्याच्या मुलासमोर अधू ठरवला होता.

देवगाव दोन तासांपेक्षा कमी अंतरावर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो असतो तर दुपारच्या जेवणाला परत आलो असतो. मी गेलो नाही. जूनमध्ये काम फार आहे, असे स्वतःला सांगितले. मग पाऊस आहे, रस्ता खराब आहे, असे सांगितले. मग गाडी विकली गेली आहे, आता सांगून काय साधणार, असाही विचार केला. खरे कारण एवढेच, की चूक झाली असे गिऱ्हाइकाला सांगण्याची मला सवय नव्हती. दर गुरुवारी मात्र आठवण येई. दुपारी डबा उघडला की हटकून येई. चार महिने असे गेले.

दसरा झाल्यावर एका रविवारी मी माझी गाडी काढली. वेरूळ मागे टाकून कसाबखेड्यावरून देवगावला पोचलो. घर विचारत गेलो. रखमाजीराव ओट्यावर बसले होते. हातात काठी होती. होळीनंतर आले तेव्हा ती नव्हती.

त्यांनी ओळखले. पाणी आणवले. कसे येणे केलेत, म्हणून विचारले. मी जे सांगायचे ते उभ्याउभ्याच सांगितले: दोष गाडीत नव्हता, त्यांच्या पायातही नव्हता, घोंगडीची घडी पॅडलखाली येत होती, माझ्या लक्षात यायला हवे होते, ते आले नाही.

त्यांनी सारे ऐकून घेतले. मग हाक मारली, "दत्ता, जरा भाईर ये." तो आल्यावर मला म्हणाले, "मिस्त्री, आता ह्याच्यासमोर म्हणा."

मी पुन्हा म्हणालो. पहिल्यापेक्षा जड गेले.

दत्ता गोंधळला. चांगला मुलगा होता. "जाऊ द्या काका," तो म्हणाला. "गाडी तर कवाच इकली. आता काय त्याचं?"

"गाडीचं न्हाय सांगत ते," रखमाजीराव म्हणाले. "माझा पाय धड हाय, ते सांगायलेत."

मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. "चाळीस वर्षं जनावरं बघितली मी. लंगडतं म्हणून कुनी जनावर आणलं, तर आधी त्याला चालवून बघायचं, मंग खूर उचलायचा. तुमी मला एकदाबी चालवायला लावली न्हाय."

"नाही लावली," मी म्हणालो.

"आन्‌ मी बी येडा. तुमच्यासारखा जाणता मानूस म्हणतो, म्हणजे पाय गेलाच, असं धरलं. मंग खरंच जायला लागला. ही काठी धरली. मेंढरामागं जायचं सोडलं."

मी लेकीची चौकशी केली. होळीपासून दोनदा भेट झाली होती. दोन्ही वेळा दत्ताने रजा काढून, कोणाची तरी गाडी मागून नेले होते. ती अजून अंथरुणावरच होती. गुरुवारी ती दाराकडे तोंड करून निजते, असे जावयाने सांगितले होते.

मी म्हणालो, गाडी दुसरी घेता येईल; मी स्वतः पारखून देईन.

"लायसनची मुदत पोळ्याला संपली," ते म्हणाले. "नवं करून घ्यायला गेलो न्हाय. डॉक्टरचा कागद लागतो त्याला. डॉक्टरला काय सांगू? गाडीच्या डॉक्टरनं आधीच नापास केलंय म्हणून?"

पोळा ऑगस्टच्या अखेरीस येतो. मला दोष सापडला तो मे महिन्यात. तेव्हा लगेच आलो असतो तर मुदत संपण्यापूर्वी तीन महिने हातात होते. होळीनंतर झाली ती चूक कामातली होती. मिस्त्रीकडून अशी चूक होऊ शकते. मे ते दसरा या काळात झाली ती कामातली नव्हती.

अजूनही नवे करता येईल, कागदाचे मी पाहतो, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, ती होकाराची नव्हती. मग मी माझ्या गाडीची चावी पुढे केली. देवगावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून पाहा, शेजारी मी बसतो, असे म्हणालो. काठी भिंतीला टेकवून ते उठले. दत्ता मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवले. ते गाडीपाशी आले. उजवीकडचे दार त्यांच्या समोर होते. क्षणभर ते तिथे उभे राहिले. मग गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, दार उघडून आत बसले आणि चपला काढून सीटखाली सारल्या.

"वैजापूरला न्या," म्हणाले. "तासभर थांबाल ना?"

मी थांबेन म्हणालो.

शिऊरचा रस्ता त्या वर्षी बरा होता. पहिला चढ आला तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जातो आहे. समोर पॅडल नव्हते. तळवा नुसता पत्र्यावर टेकत होता. पुढे ट्रॅक्टर आला, तेव्हा तो पाय वर उचलला गेला. ट्रॅक्टर ओलांडताना पुन्हा खाली गेला, सावकाश, पुरता. असे ते वैजापूरपर्यंत माझ्याबरोबर गाडी चालवत होते. त्यांना ते ठाऊक नसावे. त्यांचे डोळे रस्त्यावर होते.

शिऊरच्या पुढच्या लांब चढावर गिअर खाली घ्यायला मला थोडा उशीर झाला. त्यांचा डावा पाय, क्लचच्या जागी, माझ्या आधी दाबला गेला होता.